हद्द कायम, आप्पा टेंपररी

मोजणीच्या नोकरीत माणूस जमिनीपेक्षा तोंडंच जास्त मोजतो. एका घराची मोजणी म्हणजे घरमालक, त्याचा भाऊ, शेजारी, शेजाऱ्याचा मेहुणा आणि कुणाचाच कोणी नसलेला एक शहाणा, एवढी मंडळी आलीच! जमिनीचे आकडे नकाशावर चढतात आणि फाइलीत जाऊन पडतात. ही मंडळी जे बोलली ते लिहायला मात्र सरकारनं रकाना ठेवलेला नाही. ते आपल्यापाशीच साचत जातं. आता तुम्ही चहा मागवलाच आहे, तर थोडं ओतून टाकतो.

हे सगळं सॅटेलाइटवाल्या मशीनच्या दिवसातलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. चौकाचौकात एसटीडी बूथ झाले होते, घराघरात केबल शिरली होती, आणि बीड जिल्ह्यातली दाटीवाटीची गावठाणं उपग्रहावरून मोजावीत असं वर कुणाच्या तरी मनात आलं. मशीन एका खाजगी कंपनीचं. ते चालवायला कंपनीनं पाठवलेला सतीश नावाचा इंजिनियर. सरकारतर्फे सर्व्हेअर म्हणून मी. आणि माझ्याबरोबर आमचे मन्मथआप्पा.

आप्पा म्हणजे आमचे साखळीवाले. मोजणीची लोखंडी साखळी जाऊन टेप आली, तरी नाव तेच राहिलं. पंचवीस वर्षं रोजंदारीवर होते. त्यांना कायम करावं म्हणून दरवर्षी कागद वर जायचा आणि दरवर्षी काहीतरी नवीन विचारून परत यायचा. आता साठी जवळ आली होती. साठीच्या आत कायम झाले तर मागची वर्षं धरून पेन्शन बसत होती. नाही तर नारळ!

*

पहिल्या दिवशी केजच्या बाजारपेठेत तिवई उभी केली. तिच्यावर ते पांढरं ताट, खाली वायर, वायरीला डबा. पाच मिनिटांत शंभर माणूस जमा.

एक किराणा दुकानदार गल्ला सोडून आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात जपमाळ. त्यांनी मशीनला एक चक्कर मारली आणि सतीशला विचारलं, "ह्याच्यात किती दिसत्यात?"

सतीश खूश! उपग्रहांबद्दल इतका नेमका प्रश्न त्याला कॉलेजातही कुणी विचारला नव्हता. छाती फुगवून म्हणाला, "आत्ता सहा दिसतायत. चारवर पण काम भागतं, पण सहा म्हणजे उत्तमच."

दुकानदारांनी त्याच्याकडे लई कीव येऊन पाहिलं.

"सहाच? आमच्या केबलवाल्याकडं चाळीस चॅनल हायती! फसवलं बे तुला कुणीतरी."

गर्दी तिथंच हसत हसत फुटली.

*

ह्या मशीनची एक मोठी अडचण होती. त्याला वर आभाळ मोकळं लागायचं. रानात ठीक आहे, तिथं आभाळाला तोटा नाही. पण गावठाणातल्या गल्लीत आभाळ असतं कुठे? दोन्ही बाजूंचे पत्रे एकमेकांना खांदा लावून उभे! मशीन अर्धा अर्धा तास नुसतं टुकटुक करत बसायचं आणि शेवटी शून्य दाखवायचं.

अशाच एका गल्लीत सतीश वैतागला. जवळच्या दुकानदाराला म्हणाला, "काका, हा पत्रा फार पुढे आलाय. ह्याच्यामुळे अडचण होतेय."

एवढंच बोलला बिचारा! मी टेप गुंडाळतोय तोवर दुकानदाराचा पोरगा पत्र्यावर चढून खिळे उपटायला लागला. समोरच्यानं ते पाहिलं. त्यानंही शिडी लावली. मग टेलर, मग भांडीवाला, मग चपलांचं दुकान. "अतिक्रमणवाले आलेत, संग सॅटेलाइट घिऊन आलेत, वरून फोटू निघायलेत!" ही बातमी गल्लीच्या त्या टोकाला आमच्या आधी पोचली. तासाभरात अख्ख्या गल्लीचे पत्रे खाली. ज्या कामासाठी आजवर नोटिसा निघाल्या, पोलीस आले, मोर्चे झाले, ते काम एका इंजिनियरच्या कुरकुरीनं झालं.

सतीश हरखून गेला. "सर, किती को-ऑपरेटिव्ह लोक आहेत!"

आम्ही मुकाट्यानं मोजून घेतलं. चहाला गेलतो, परत आलो तर सगळे पत्रे जागच्या जागी! उलट भांडीवाल्यानं ह्या गडबडीत दीड फूट वाढवून घेतला होता.

आमच्या नकाशात ती गल्ली अजून मोकळी आहे. कधी तिथून स्कूटर काढायची वेळ आली तर नकाशा बरोबर न्या.

*

गल्लीत आभाळ नाही म्हटल्यावर आम्ही घरांवर चढायला लागलो. हा उपाय मीच काढला. शहाणपण अंगाशी येतं ते असं.

नांदूरघाटला उन्हाळ्याचे दिवस. एका मातीच्या माळवदावरून चारी बाजूंचं आभाळ छान मोकळं दिसत होतं. खालून हाक मारून वर गेलो, तर पाय ठेवायला जागा नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लुगडी अंथरलेली आणि त्यांवर कुरडया. मधोमध गिरजाबाई नावाची बाई. वय साठीच्या पुढचं, आवाज मात्र अजून म्हातारा झालेला नव्हता.

"कावून आलाव वर?"

मी सरकारी काम सांगितलं. उपग्रह सांगितले. चाळीस मिनिटं मशीन जागचं हलवता येत नाही, तेही सांगितलं.

"मंग इथं उभं करा," म्हणून तिनं मधली दोन कुरडयांची जागा दिली. "पर माजी एक बी कुरडई मोडली तर सरकारला भरून दे म्हणावं."

आप्पा मांजराच्या पावलानं गेले, तिवई रोवून आले. मशीन सुरू झालं. गिरजाबाईनं तिथंच पडलेली वेळूची काठी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"चाळीस मिंटं बसणारच हाव तर कावळे हाका. म्या जरा जेवून येते."

आणि गेलीसुद्धा! मे महिन्याचं ऊन, डोक्यावर सहा उपग्रह, आणि मी राजपत्रात नाव छापून आलेला सर्व्हेअर, कावळे हाकतोय! ती बाई चाळीस मिनिटांनी नाही, दीड तासानं आली. सगळ्या कुरडया नजरेनं मोजल्या आणि मग शेजारच्या माळवदावरच्या बाईला ओरडून म्हणाली, "आगं, सरकारी माणूस कामाला येतो की! तुला उद्या पायजे का?"

*

आमच्या खात्यात 'हद्द कायम' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो. कुणाची हद्द कुठपर्यंत ते मोजायचं, खुणा पक्क्या करायच्या, की झाली हद्द कायम.

त्याच नांदूरघाटला एका घराच्या मागच्या भिंतीचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. आप्पांनी शेवटचा दगड गाडला, वर माती दाबली, हात झटकले. घरमालकानं अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "आप्पा, एकदाची झाली का हद्द कायम?"

"झाली की!" आप्पा म्हणाले. "आता ह्या तालुक्यात कायम व्हायचं म्या तेवढा ऱ्हायलोय."

माणसं खो खो हसली. मीही हसलो. आप्पा पहार खांद्यावर टाकून जीपकडे चालू लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते हसलेले नाहीत.

*

चकलांब्याला मशीननं कहरच केला.

दोन भाऊ. धाकटे दिगंबरराव आणि थोरले रंगनाथराव. मधल्या भिंतीवरून वीस वर्षं कोर्टात. एकमेकांशी बोलणं बंद, पण तारखेला एकाच जीपमधून जात. दुसरी जीप नसायची, करतात काय!

सतीशनं रीडिंग घेतलं, लॅपटॉपवर जुन्या नकाशावर टाकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. सगळं गावच पलीकडे सरकलेलं! महादेवाचं देऊळ ओढ्यात, शाळा कुणाच्या तरी उसात, आणि धाकट्याचं घर बरोब्बर थोरल्याच्या वाड्यात. जुने नकाशे एका हिशेबानं काढलेले आणि मशीनचा हिशेब वेगळा. ती सेटिंग बदलायची असते, ते हा विसरला होता.

पण दिगंबररावांनी पडदा पाहिला होता.

"बघा, बघा! मशीन खोटं बोलत न्हाई! तो वाडा मव्हाच हाय, कवापासून सांगायलोय!"

थोरले उसळले. "यंत्रावर काय इस्वास? आमच्या आज्यानं काय उपग्रह बघून भीत बांधली व्हती?"

सतीशनं घाम पुसत सेटिंग दुरुस्त केली. गाव जागेवर आलं. देऊळ ओढ्यातून बाहेर निघालं. आणि आता भिंत थोडी, अगदी वीतभर, थोरल्याच्या फायद्याची निघाली.

रंगनाथराव खुर्चीवरून उठले, मशीनला हात जोडले. "इज्ञान ते इज्ञान!"

दिगंबरराव म्हणाले, "यंत्रावर काय इस्वास?"

सरपंच आतापर्यंत पान चघळत गप्प बसले होते. जाताना सतीशला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इंजिनियर सायेब, ती मगाची सेटिंग इलेक्शनच्या टायमाला यील का? आमच्या वार्डातल्या धा घरांना पलीकडं सरकवायचंय."

*

आता जरा वेगळं सांगतो. हा किस्सा सांगताना मला हसू येत नाही, पण ऑफिसात सगळे हसले होते.

केजला एका नव्या तीनमजली लॉजच्या शेजारी आम्ही दोन दिवस अडकलो. मशीन एकाच जागेचं उत्तर दर वेळी वेगळं द्यायचं. कधी आम्ही रस्त्याच्या अलीकडे, कधी पलीकडे, एकदा तर लॉजच्या संडासात! सतीशनं समजावलं की उपग्रहाचा सिग्नल सरळ न येता लॉजच्या भिंतीला आपटून येतो, लांबचा फेरा घेतो, म्हणून मशीन चुकतं.

आप्पा म्हणाले, "म्हंजी आमच्या कागदावाणी. सरळ येतच न्हाई. आपटत, आपटत येतो."

सतीशला त्या कागदाबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, आणि मला सांगावं लागलं.

झालं होतं असं. मोजणीच्या जागी पंचनामा करायचा तर गावातले दोन पंच लागतात. साक्षीदार म्हणून सही करणारे. आता भर उन्हात, पुन्हा भाऊबंदकीच्या भांडणात, सही करायला येतंय कोण? हाका मारून घसा बसायचा. मग मी म्हणायचो, "आप्पा, मारा सही." आप्पांना वाचता येत नव्हतं, सही मात्र यायची. मोठ्ठी, सावकाश, बोटानं जागा धरून केलेली. मी वर लिहायचो, 'मन्मथ, राहणार नांदूरघाट.' पुढच्या आठवड्यात, 'मन्मथ, राहणार चकलांबा.' जिथे काम तिथे आप्पा राहणार! आमच्या पथकात सगळेच हेच करत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एका वर्षी वरून विचारणा झाली की हा माणूस इतकी वर्षं कामावर होता ह्याला पुरावा काय? जुने हजेरीपट वाळवीनं खाल्लेले. मी मोठ्या उत्साहानं सगळे पंचनामे काढले. म्हटलं, दर कामावर आप्पांची सही आहे, ह्याहून मोठा पुरावा कोणता! गठ्ठा बांधला, पाठवला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'सोबतच्या कागदपत्रांवरून सदर इसम हे विविध गावचे रहिवासी व पंच असल्याचे दिसून येते. ते या कार्यालयाचे कर्मचारी असल्याचे दिसून येत नाही.'

ऑफिस हसून हसून आडवं झालं. "आप्पा, एकाच वेळी चाळीस गावात ऱ्हाता व्हय वो!" आप्पाही हसले. म्हणाले, "घर एक बी बांधलं न्हाई, आन् गावं चाळीस!"

मला रात्री जेवण गेलं नाही. ते सगळे 'राहणार' माझ्या अक्षरात होते. पंच शोधायचा कंटाळा माझा, आणि कायम व्हायचं राहिलं आप्पांचं. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा, एकदा जीपमध्ये. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी तरी काय करताव सायेब. ऊन लई व्हतं."

*

ह्यानंतरचा शेवटचा.

मशीनच्या कामाला एक पक्का बिंदू लागतो. एक मशीन तिथं कायम उभं ठेवायचं आणि दुसरं गावभर फिरवायचं. आमच्याच ऑफिसच्या गच्चीवर आम्ही तो बिंदू केला. आप्पांनी स्वतः सिमेंट कालवलं, पितळेचा बोल्ट बसवला, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याला पाणी घातलं.

सतीश वर मशीन लावून बसला आणि त्यानं विचारलं, "सर, बिंदूला नाव काय देऊ? काहीतरी द्यावंच लागतं, नाही तर मशीन पुढे जात नाही."

आप्पा शेजारीच बोल्टवरची धूळ पुसत होते. मी म्हटलं, "मन्मथ दे."

आप्पा लाजले. "कायबी करताव सायेब!"

मग अशा सगळ्या बिंदूंचा तक्ता तयार करून वर पाठवायचा होता. अनुक्रमांक, नाव, आणि बिंदूचे स्वरूप. स्वरूपाच्या रकान्यात दोनच शब्द चालायचे, कायम किंवा तात्पुरता. मी माझ्या हातानं लिहिलं: एक, मन्मथ, कायम. खरं सांगतो, ते लिहिताना मला फार बरं वाटलं. दोन वेळा गिरवलं.

आप्पांच्या साठीला तीन महिने उरले तेव्हा मी शेवटचा अर्ज केला. ह्या वेळी पंचनामे जोडले नाहीत. चार ओळखीच्या लोकांची प्रतिज्ञापत्रं जोडली, माझं स्वतःचं पत्र जोडलं, चूक माझी आहे असं त्यात स्पष्ट लिहिलं. मग वाट पाहत बसलो. एक महिना गेला. दुसरा गेला. आप्पा विचारत नव्हते, पण टपालवाला आला की त्यांच्या हातातलं काम थांबायचं.

शेवटच्या आठवड्यात पाकीट आलं.

आप्पांनीच ते आणून माझ्या टेबलावर ठेवलं. पाकिटावरचा मोठा शिक्का त्यांना ओळखू यायचा. सगळं ऑफिस भोवती जमलं. सतीशही आला. मी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

"उपरोक्त विषयाबाबत कळविण्यात येते की, आपल्या कार्यालयाने यापूर्वी सादर केलेल्या तक्त्यात अनुक्रमांक एक येथे 'मन्मथ, कायम' अशी स्पष्ट नोंद आहे..."

पुढची ओळ माझ्या डोळ्यांनी आधीच वाचली होती. मी तिथंच वाचायचं थांबवलं.

'सबब त्यांना कायम करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.'

आप्पांनी तोवर टोपी काढली होती. गळ्यातल्या लिंगाला हात लावून डोळे मिटले होते. "कायम," असं एकदा स्वतःशीच म्हणाले. मग कुणाला काही बोलायची संधी न देता पायात चपला अडकवल्या आणि बाहेर पडले. सतीशनं माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, परत माझ्या हातात दिला.

दहा मिनिटांत आप्पा परत आले. पेढ्यांचा पुडा उघडाच होता, म्हणजे वाटेत वाटत आले होते. आधी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन पाया पडून आले. मग प्रत्येकाच्या हातात एकेक पेढा ठेवला. सतीशला दोन दिले. शेवटी माझ्यापाशी आले, पुडा पुढे केला आणि टेबलावरच्या कागदावर बोट ठेवलं.

"सायेब, तुमी मगाशी आर्ध्यातच थांबलाव. पुढं काय लिव्हलंय वो?"

मी पेढा उचलला आणि सबंधच्या सबंध तोंडात घातला.